सुटका झाली, बाळंतपण अजून सरावयाचे आहे

प्रसूतिगृहाच्या दाराशी ताटकळत बसलेल्या मंडळींना परिचारिका येऊन बातमी देते आणि लगोलग फोन जाऊ लागतात, ‘सुटका झाली!’ मग सर्वांची पावले पाळण्याकडे वळतात. बाळाचे वजन किती, नाक कोणावर गेले, कांती कोणाची, याची चर्चा रंगते. जिची सुटका झाली, ती शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडलेली असते.

‘बाळंतपण’ हा शब्द एका दिवसापुरता नाही. बालपण, तरुणपण यांसारखीच ती एक अवस्था आहे. परंपरेने तिची मुदत सव्वा महिन्याची धरली. वैद्यकशास्त्र ती सहा आठवड्यांची, म्हणजे ४२ दिवसांची मानते. गर्भाशयाला आपल्या मूळ आकारास येण्यास साधारण तेवढाच अवधी लागतो. आपली तयारी मात्र बहुधा प्रसूतीच्या दिवसाशी येऊन थांबते.

डोहाळजेवणाबरोबरच ठरवावे असे

सातव्या-आठव्या महिन्यात घरातील मंडळींनी एकत्र बसून काही गोष्टी निश्चित कराव्यात. प्रसूती कोठे करावयाची? तेथे रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करण्याची आणि रक्त देण्याची सोय आहे का? वाहन कोणाचे, आणि ते न मिळाल्यास १०८ किंवा १०२ क्रमांकावर दूरध्वनी कोण करणार? मातेचा रक्तगट घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे असेल, तर प्रवास अगदी अखेरच्या दिवसांवर ढकलू नये. तपासण्यांचे सर्व कागद एका पिशवीत घालून सोबत न्यावेत आणि तेथील डॉक्टरांची भेट कळा सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.

सरकारी रुग्णालयात २०११पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन विनामूल्य मिळते. खर्चाच्या धास्तीने रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे.

पहिला दिवस, पहिला आठवडा

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, आणि त्याचा सर्वाधिक धोका पहिल्या चोवीस तासांत असतो. म्हणूनच सारे ठीक दिसत असले, तरी निदान एक दिवस रुग्णालयातच राहावे. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. स्तनपानाने गर्भाशय आकुंचन पावते आणि बाळाला चीक मिळतो; तो पिळून टाकू नये.

घरी आल्यावर स्राव सुरुवातीचे काही दिवस लाल असतो, पुढे तपकिरी-गुलाबी आणि मग पिवळसर-पांढरा होत जातो. हा क्रम उलटला, म्हणजे ओसरलेला रक्तस्राव पुन्हा वाढला, तर सावध व्हावे.

एक प्रसंग अनेक घरांत घडतो. पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेची गडबड चालू असते आणि बाळंतीण म्हणते, ‘डोके फार दुखते आहे.’ कोणी म्हणते, कानात वारा शिरला असेल; कोणी म्हणते, जागरण झाले. कानाला पट्टी घट्ट बांधली जाते. पुष्कळदा ती डोकेदुखी जागरणाचीच असते. पण रक्तदाब वाढल्यामुळे होणारी डोकेदुखीही याच दिवसांत उद्भवू शकते आणि तिच्या पाठोपाठ झटके येऊ शकतात. गर्भारपणी रक्तदाब कधीच वाढला नव्हता, अशा स्त्रीलाही हे होऊ शकते. रक्तदाब मोजावयास दोन मिनिटे लागतात. पूजा थोडी थांबू शकते.

पुढील खुणा घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, स्रावाला दुर्गंधी, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके, धाप लागणे, छातीत दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

राखावे काय, सोडावे काय

बाळंतिणीला विश्रांती, तेलाने मालीश, गरम ताजे जेवण आणि घरकामातून मोकळीक देणारी आपली रीत खरोखर शहाणपणाची आहे. अळिवाच्या लाडवांतून लोह मिळते, डिंक-खारकेच्या लाडवांतून उष्मांक. मात्र लाडू म्हणजे जेवण नव्हे. वरण, उसळी, पालेभाज्या, दूध, आणि चालत असल्यास अंडी व मासेही हवेत. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत.

काही रीती मात्र आता सोडाव्यात. पोट सुटेल म्हणून पाणी तोडणे घातक आहे. त्याने बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायू साचतो. माय-लेकरे दोघांच्याही जिवाला धोका असतो. दिवसभर पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून सिझेरियननंतरही डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठून थोडे चालावे. बाळाच्या जिभेवर मध किंवा गुटीचे बोट ठेवू नये; सहा महिने आईचे दूध पुरेसे असते.

मनाचेही बाळंतपण

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत बहुधा निवळते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ जवळ असूनही आपलेसे वाटेना, बाळ झोपले तरी हिला झोप येईना, किंवा जगण्याचाच कंटाळा आला, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘एवढे गोड बाळ झाले, रडतेस काय?’ या वाक्याने ती फक्त बोलावयाची थांबते. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखविल्यास तिला एकटे ठेवू नये आणि त्वरित रुग्णालयात न्यावे.

प्रसूती रुग्णालयात झाली असली, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन पाहणी करतात. त्या वेळी बाळाबरोबर बाळंतिणीलाही त्यांच्यापुढे बसू द्यावे, मोकळेपणाने बोलू द्यावे. सहाव्या आठवड्याची डॉक्टरांची तपासणी चुकवू नये; पाळणा लांबविण्याविषयीही तेव्हा विचारून घ्यावे.

बारशाला येणारे सारे पाहुणे बाळासाठी झबली-टोपडी आणतात. त्या गर्दीत घरातील एकाने तरी दररोज सकाळी बाळंतिणीजवळ बसून विचारावे: रात्री झोप लागली का, अंगात ताप आहे का, रक्त किती जाते, मन कसे आहे? मग तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत तेथून उठू नये.