दोन बोटं खाली राहिलेला पाइप

या अंकासाठी संडासावर लेख देऊ का, असं विचारलं तेव्हा संपादक मंडळातल्या काकू आधी हसल्या. मग म्हणाल्या, "दे, पण जेवताना वाचता येईल असं लिही." प्रयत्न करतो.

आमचं मूळ घर पादऱ्याचं. (पुण्यातल्या ऑफिसात 'या शनिवारी पादऱ्याला जातोय' म्हटलं की 'कुठल्या चर्चमध्ये?' असं विचारणारा एक तरी निघतोच.) बडोद्याहून जंबुसरच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर हे भाजीबाजाराचं गाव. गायकवाडी राज्यात पादरा हा बडोदा प्रांतातला एक महाल होता. पणजोबा तिथल्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि आम्ही तिथलेच झालो. आता त्या घरात आई, बाबा आणि ब्याऐंशी वर्षांची आजी राहतात.

आजीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसणं बंद. घरात होता तो जमिनीत बसवलेला ओरिसा पॅन. तो काढून कमोड बसवायचा, त्याच खर्चात जुनी फरशी बदलायची आणि भिंतीला एक धरायचा दांडा लावायचा, असं ठरलं. काम दहा दिवसांचं. मी पुण्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघत होतो आणि अंगठे दाखवत होतो. बी.ई. झालेल्या माणसाने एवढी देखरेख करावी, यात मला तेव्हा समाधानही वाटत होतं.

काम झालं, छान दिसत होतं. दीड महिन्याने आईचा फोन आला की आजीने देव हलवले. न्हाणीघराची एक भिंत आणि देवघराची मागची भिंत एकच आहे. त्या भिंतीला जमिनीलगत ओल आली होती आणि दुपारच्या वेळी वासही यायचा. आजी कुणाला काही बोलली नाही. एके सकाळी तिने देव्हारा उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायला लावला. त्याहून वाईट गोष्ट आईला नंतर कळली. आजीने पाणी पिणं कमी केलं होतं. आपल्यामुळे घरात हे झालं, तर निदान कमी वेळा जावं, असा तिचा हिशोब.

त्याच रात्री गाडीत बसलो.

आता जरा तांत्रिक. आपल्या जुन्या पॅनला स्वतःचा वळसा नसतो. त्याच्याखाली, फरशीच्या पोटात, वेगळा ट्रॅप बसवलेला असतो. ट्रॅप म्हणजे पाइपाचं वाकडं वळण, ज्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. साधारण 50 मिलिमीटर उंचीचं ते पाणी हेच वासाला अडवणारं दार. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने लंडनमध्ये या एस आकाराच्या वळणाचं पेटंट घेतलं. इतक्या वर्षांत मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. (आणि एक गंमत. मोरीत जाळीखाली जो ट्रॅप असतो त्याला भारतभरच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. तमिळनाडूतला विद्यार्थीसुद्धा परीक्षेत आपली न्हाणीच लिहितो.)

कमोडमध्ये हे वळण चिनी मातीच्या भांड्यातच असतं. म्हणून पॅन काढून कमोड बसवताना फरशीखालचा जुना ट्रॅप काढावाच लागतो. तो तसाच ठेवला तर एका वळणामागे दुसरं वळण येतं, मधे हवा कोंडते, फ्लश अर्धवट होतो आणि वरचेवर तुंबतं. आमच्याकडे हे काम नीट झालं होतं. प्लंबरने जुना ट्रॅप काढला, 110 मिलिमीटरचा पाइप वळवून भिंतीपासून हव्या त्या अंतरावर आणला. हे अंतरही महत्त्वाचं. जमिनीत सोडायच्या कमोडमध्ये आपल्याकडे मुख्यतः 9 इंची आणि 12 इंची अशी मापं मिळतात. भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं ते अंतर असतं आणि ते मोजायचं भिंतीची टाइल लागल्यावर, आधी नाही.

मग चुकलं कुठे? उंचीत.

प्लंबरने पाइपाचं तोंड तेव्हाच्या जमिनीच्या पातळीला कापलं आणि तो दुसऱ्या कामावर गेला. मग कडिया आला. (आपल्या मराठीत गवंडी, पण पादऱ्यात कडिया.) त्याने माल टाकला, टाइल लावली, मोरीकडे उतार दिला. जमीन सुमारे 45 मिलिमीटर वर आली. पाइप होता तिथेच राहिला. म्हणजे नव्या फरशीच्या दोन बोटं खाली. चार दिवसांनी प्लंबर परत आला, कमोड त्या भोकावर ठेवला आणि सभोवती व्हाइट सिमेंट भरलं. कमोडचं तोंड आणि पाइपाचं तोंड यांच्यामध्ये दोन बोटांची फट, आणि तिच्या चारी बाजूंना नुसता भराव. प्रत्येक फ्लशला थोडं पाणी त्या फटीतून भरावात जायचं आणि भरावातून उतार शोधत देवघराच्या भिंतीकडे. कमोडच्या वळणातलं पाणी वास अडवतं हे खरं, पण वळणाच्या पलीकडेच फट असेल तर ते काय अडवणार? खाळकुव्यातला वायू थेट फरशीखाली येतो.

गंमत अशी की यात प्रत्येकाने आपापलं काम व्यवस्थित केलं होतं. पाइपाचा सांधा पक्का, टाइलची रेघ सरळ, कमोड दिसायला सुरेख. आमच्या धंद्यात असं रोज होतं. दोन टीमचे प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर चालतात आणि जिथे ते जोडले जातात ती जागा कुणाचीच नसते.

ताई न्यू जर्सीत असते. तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "फ्लँज कुठे आहे?" तिकडे त्याच्याशिवाय कमोड बसतच नाही. फ्लँज म्हणजे रुंद काठाची एक चकती. तिची नळी पाइपाला जोडलेली असते, आणि काठ तयार फरशीच्या वर टेकून स्क्रूने जमिनीला घट्ट केलेला असतो. त्या काठातल्या खाचांत दोन बोल्ट उभे असतात. वर मेणाची जाड रिंग ठेवायची, तिच्यावर कमोड दाबून बसवायचा, बोल्टला नट लावायचे. पाणी अडवतं ते मेण, भांडं धरून ठेवतात ते बोल्ट. सिमेंटचा संबंधच नाही.

आमच्या प्लंबरना विचारलं तर ते म्हणाले, "साहेब, व्हाइट सिमेंट मारी दइशुं, पचास वरस नहि हाले." पन्नास वर्षं हलणार नाही, हे अगदी खरं आहे. आम्ही काढायला गेलो तेव्हाही ते हललं नाही. छिन्नीने फोडता फोडता नव्या कोऱ्या कमोडचा पाया तडकला आणि तो वाया गेला. सिमेंट टणक असतं. जरा धक्का बसला की त्याला केसाएवढी चीर जाते, आणि ती दिसत नाही.

फोडण्याआधी एक चाचणी मात्र केली होती, ती तुम्हीही घरी करू शकता. टाकीत कपड्यांची नीळ टाकली, कमोडच्या पायाभोवती कोरडे टिश्यू पेपर चिकटवले आणि पाच-सहा वेळा फ्लश केला. पुढचे कागद कोरडेच राहिले, मागच्या डाव्या कोपऱ्यातला तासाभराने निळा झाला. आजी दारात खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं." मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी फ्लँज आणायला बडोद्यात फिरलो. जवळ कोयलीची रिफायनरी, आजूबाजूला केमिकलचे कारखाने. अशा गावात फ्लँज मागितला की दुकानदार समोर ठेवतो लोखंडी, आठ बोल्टांचा, उचलायला दोन हात लागतील असा. संडासासाठी पाहिजे म्हटल्यावर दोन दुकानांत नुसतं हसून घेतलं. तिसऱ्या ठिकाणी कमोडचाच फोटो दाखवला तेव्हा 110 मिलिमीटरच्या पाइपात बसणारा पीव्हीसीचा फ्लँज आणि जाड रबराची रिंग मिळाली. मेणाऐवजी रबर घेतलं, कारण मेण एकदा दाबलं गेलं की कमोड उचलल्यावर नवीनच लागतं. रबर पुन्हा बसवता येतं. आजीची "मेण उन्हाळ्यात वितळणार नाही का?" ही शंका त्यामुळे आपोआप मिटली.

बसवण्याचं काम प्लंबरनीच केलं. आधी नाराज होते, मग रमले. भोकाभोवतीची टाइल थोडी फोडून जुन्या पाइपाला कपलर लावून नवा तुकडा वर आणला. आयएसआयच्या ज्या मानकाखाली हे पाइप येतात त्यात पातळ 'ए' आणि जाड 'बी' असे दोन प्रकार आहेत. पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला 'ए' चालतो, मैल्याला 'बी'च हवा. दिसायला सारखेच असतात, म्हणून पाइपावरचा छापा वाचून घ्यायचा. भराव सुकू दिला, नवी टाइल लावली, आणि मग, म्हणजे फरशी पूर्ण झाल्यावरच, फ्लँज बसवला. आधी सॉल्व्हंट न लावता कोरडा बसवून बघितला, काठ फरशीला टेकतोय की अधांतरी आहे ते पाहिलं. दोन बोल्ट मागच्या भिंतीशी समांतर रेषेत येतील असा फिरवला, आणि मगच चिकटवला. सॉल्व्हंट लावल्यावर विचार करायला अर्धा मिनिटही मिळत नाही.

इथे एक अडचण आली जी ताईला माहीत नव्हती. तिकडची बाथरूम कोरडी आणि सपाट. आपल्याकडे बादलीने पाणी ओतून धुतो, म्हणून जमिनीला उतार असतो. उतारावर कमोड ठेवला की तो एका बाजूला डुगडुगतो. रोज डुगडुगणारा कमोड कुठलीही रिंग काही महिन्यांत सैल करतो. त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या पाचरी. कमोड सरळ खाली उतरवायचा, फिरवायचा नाही, वर बसून वजन द्यायचं, पाणसळ लावून पाचरी सारायच्या आणि मग नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. डुगडुगणं थांबलं की हात थांबवायचा. अजून एक फेरा मारू म्हटलं की चिनी माती तडकते. एक कमोड घालवून बसलेल्या घरात हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

एक दिवसभर फ्लश करून, निळीची चाचणी पुन्हा करून, कागद कोरडे निघाल्यावर सिलिकॉन लावलं. तेही पुढे आणि दोन्ही बाजूंना. मागे दोन इंच जागा मोकळी सोडली. उद्या परत गळलंच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, भिंतीत शिरणार नाही. बाबांना हे पटलेलं नाही. मागून धुण्याचं पाणी आत जाईल, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण भिंतीपेक्षा फरशी ओली झालेली मला चालेल.

या निमित्ताने घराच्या मागच्या भिंतीकडे नीट पाहिलं. जमिनीलगत विटांनी बुजवलेला एक चौकोन आहे. लहानपणी आम्हाला ती मांजराची खिडकी वाटायची. आजीने सांगितलं, ती टोपलीच्या संडासाची झडप. तिथून रोज सकाळी एक बाई येऊन टोपली उपसून न्यायची. कोरडे संडास बांधण्यावर आणि माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदीचा कायदा आला 1993 मध्ये, आणि अधिक कडक कायदा 2013 मध्ये. आमच्या घरातली झडप त्याच्या बरीच आधी बुजली होती. पण आजीला त्या बाईचं नाव अजून आठवतं, आणि तिला कधी घराच्या पुढच्या दाराने आत बोलावलं नाही, हेही. ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा पादरा, डभोई, नवसारी अशा गावांत आहेत आणि आपण कामं फोनवरून करून घेतो. कमोडचं काम काढलं असेल तर सुंदर टाइलचे फोटो मागवू नका. पाइपाच्या तोंडावर मोजपट्टी धरलेला फोटो मागवा, एक टाइल लावायच्या आधी आणि एक नंतर. दुसऱ्या फोटोत पाइप फरशीच्या खाली दिसला तर काम तिथेच थांबवा. त्या दिवशी तो दुरुस्त करायला पाइपाचा एक तुकडा आणि एक कपलर लागतो. आम्हाला नवा कमोड, पाच दिवसांची मजुरी आणि देवघराच्या भिंतीचं प्लास्टर लागलं. आणि कमोड घेताना वयस्कर माणसाला दुकानात त्यावर बसवून बघा. नेहमीची बैठक 15-16 इंच उंच असते, गुडघे दुखणाऱ्यांना 17 ते 19 इंची सोयीची पडते. दुकानात बसायला लाजतात, पण बसतात.

भिंत वाळायला दिवाळी उजाडली. देव आपल्या जागी गेले. आजीचा पाण्याचा तांब्या पुन्हा उशाशी असतो, आणि ती तो संपवते की नाही हे आई गुपचूप बघते.

गेल्या आठवड्यात मीटिंग चालू असताना प्लंबरांचा फोन आला. "साहेब, पेलो फ्लँज क्यांथी लाव्या'ता?" बाजारपेठेतल्या एका घरी काम काढलं होतं, त्यांना दोन हवे होते. दुकानाचा पत्ता पाठवला आणि विचारलं, कडिया येऊन गेला का? म्हणाले, नाही, टाइल लागल्याशिवाय मी हात लावणार नाही असं सांगून ठेवलंय.