रोपओळख, भाजीपाल्याची

रोपओळख, भाजीपाल्याची : परसबागेत, गच्चीवर अथवा सज्जातील कुंड्यांत उगवलेल्या कोवळ्या रोपांची जाती ठरविणे. बी रुजल्यावर प्रथम वर येणाऱ्या दलिका (बीजातील पाने) एकाच कुलातील वनस्पतींत बहुधा सारख्या दिसतात. त्यांनंतर येणारी दोन-तीन खरी पाने हेच ओळखीचे विश्वसनीय साधन होय.

मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील चाळींत ही अडचण विशेष जाणवते. सज्जात ऊन थोडाच वेळ येते आणि पावसाळ्यात (जून ते सप्टेंबर) आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते. अपुऱ्या प्रकाशात खोड लांबते, पाने लहान व फिकट राहतात आणि टोमॅटो, वांगे यांच्या खोडावरील जांभळी छटा नीट उमटत नाही. म्हणजे ज्या खुणांवर भिस्त ठेवावयाची त्याच पुसट होतात. शिवाय ओल्या कचऱ्याच्या खतातून टोमॅटो, मिरची, भोपळा यांची रोपे न पेरताही उगवतात. अशी रोपे काही दिवस उजेडात ठेवून मगच त्यांची निवड करणे श्रेयस्कर.

टोमॅटो, वांगे व मिरची ही तिन्ही सोलॅनेसी कुलातील आहेत. टोमॅटोच्या दलिका अरुंद व लांबट, खोड लवदार, खरे पान विभागलेले असून चुरडल्यास त्याला परिचित उग्र वास येतो. मिरचीचे पान अखंड कडेचे, गुळगुळीत व चकचकीत असते. वांग्याचे पान मळकट हिरवे, नागमोडी कडेचे व बारीक लवीमुळे खरखरीत लागते. याच कुलातील धोत्र्याचे रोप मात्र घातक होय. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस शिवाला वाहिलेली धोत्र्याची फळे निर्माल्याबरोबर कुंडीत पडली, तर त्यांतील बी रुजू शकते. त्याच्या दलिका अरुंद, लांब व ठळक, पहिली पाने अखंड आणि वास अप्रिय असतो. सर्व भागांत हायोसायमीन, स्कोपोलामीन ही विषारी अल्कलॉइडे असल्याने अनोळखी रोप चाखून पाहू नये.

कोबी, फुलकोबी व नवलकोल हे एकाच जातीचे प्रकार आहेत. त्यांची कोवळी रोपे वेगळी काढण्याच्या खटपटीपेक्षा पेरतानाच चिठ्ठी लावणे सोपे.

वेलभाज्यांत बी हीच पहिली खूण होय. शिराळ्याचे (दोडक्याचे) बी काळे व खडबडीत, तर घोसाळ्याचे गुळगुळीत व बारीक पंखासारख्या कडेचे असते. पुढे शिराळ्याची फुले सायंकाळी व घोसाळ्याची सकाळी उमलतात. काकडी व कारले यांचे तणावे साधे, दुधी व भोपळा यांचे फाटे फुटलेले असतात. दुधीचे पान मखमली असून देठ पात्याला जेथे मिळतो तेथे दोन लहान ग्रंथी असतात. ही खूण भोपळ्यात नसते.

दुधी कडू निघेल की गोड, हे मात्र रोपावरून सांगता येत नाही. कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे येतो व ती शिजविल्यानेही नष्ट होत नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कडू दुधीचा रस न पिण्याची सूचना आहे. म्हणून आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळाची चिमूटभर फोड जिभेला लावून पाहावी व कडू लागल्यास ती थुंकून फळ टाकून द्यावे. अशा वेलाचे बीही राखू नये.