विश्लेषण : घातक रसायनांच्या रेल्वेगाड्यांवर दुरून नजर… पण माहिती कुणाला दिसावी?

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन या गावाजवळ नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यातील ११ डब्यांत घातक पदार्थ होते. अशा गाड्यांवर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणा तेव्हाही होती. मग ती कुठे कमी पडली?

इशारा उशिरा का मिळाला?

रुळांलगतची यंत्रे धावत्या डब्यांच्या चाकांचे बेअरिंग किती तापले ते टिपतात. एक बेअरिंग पहिल्या यंत्रापाशी भोवतालच्या तापमानापेक्षा ३८ अंश फॅरेनहाइटने, दुसऱ्यापाशी १०३ अंशांनी अधिक तापलेले होते. कंपनीची इशाऱ्याची मर्यादा १७० अंशांपासून सुरू होत होती. त्यामुळे गाडी धावत राहिली. पुढचे यंत्र सुमारे ३१ किलोमीटरवर. तिथे नोंद झाली २५३ अंशांची. चालक गाडी थांबवत असतानाच डबे घसरले. कोणत्या डब्यात काय आहे, ही यादीही बचाव पथकांना वेळेत मिळाली नाही, असे तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले.

मग सगळीच माहिती खुली का नाही?

घातपाताची भीती हे एक कारण. दुसरे व्यापाराचे. तिथले बहुतेक टाकीडबे रेल्वेचे नसतात, ते रसायन कंपन्यांचे किंवा भाड्याने डबे देणाऱ्यांचे असतात. डब्याचा माग सतत दिसला, तर कारखाना किती माल काढतो, कुणाला विकतो, हे प्रतिस्पर्ध्यालाही कळते. कॅनडातील लाक-मेगांतिक येथे २०१३ मध्ये तेलगाडीच्या स्फोटात ४७ जणांचा बळी गेल्यावर अमेरिकेने मोठ्या तेलगाड्यांची माहिती राज्यांना देणे बंधनकारक केले. तेव्हाही रेल्वे कंपन्यांनी राज्यांकडे गोपनीयतेचे करार मागितले होते.

तोडगा कोणता?

‘आस्करेल’ हे २०१४ पासूनचे अ‍ॅप केवळ नोंदणीकृत बचावकर्मींना डब्याच्या क्रमांकावरून आतील माल सांगते. (आगीच्या धुरात तो क्रमांक वाचायचा कसा, हा प्रश्न उरतोच.) जून २०२४ च्या नियमाने रेल्वे कंपन्यांना अशी यादी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ताजी ठेवणे आणि अपघात होताच स्थानिक आपत्कालीन केंद्राला स्वतःहून कळवणे सक्तीचे केले.

डब्यावरच्या संवेदकांसाठी आणखी एक मार्ग सुचवला जातो. दाब, तापमान, गळती यांचा हिशेब डब्यावरच करायचा आणि मर्यादा ओलांडली तरच संदेश पाठवायचा. गोपनीयता त्यात टिकते; पण १०३ अंशांवर हा संवेदकही गप्पच बसला असता. म्हणून मालाचे नाव व मालक झाकून ठेवले, तरी तापमानाचा चढता आलेख रेल्वेच्या नियंत्रण कक्षाला दिसलाच पाहिजे.

भारतात काय?

आपल्याकडे धोकादायक मालाचे नियम रेल्वेच्या ‘रेड टॅरिफ’मध्ये आहेत, तर मालडब्यांचा माग ‘एफओआयएस’ या संगणकीय प्रणालीवर ठेवला जातो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र व्यक्तींच्या माहितीपुरता आहे. टाकीत काय आहे आणि ते कुणाचे, ही माहिती त्याच्या कक्षेत येत नाही.