जोडासांकोचा बालवाचक

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली बंगाली मुलांसाठी 'वर्णपरिचय' नावाची जी दोन भागांची पुस्तिका लिहिली, आणि जिच्या आधाराने पुढे बंगालच्या कित्येक पिढ्या साक्षर झाल्या, तिच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस भुवन नावाच्या एका मुलाची गोष्ट येते. आईबापांविना मावशीच्या आश्रयाने वाढणारा हा भुवन शाळेतून दुसऱ्याचे पुस्तक चोरून आणतो. मावशी समजून उमजून कानाडोळा करते. लहान चोरीतून मोठी चोरी, मोठ्या चोरीतून अट्टल चोर असा प्रवास करून भुवन शेवटी पकडला जातो आणि त्याला फाशीचा हुकूम होतो. मरण्यापूर्वी मावशीची भेट व्हावी एवढी त्याची मागणी मान्य होते, आणि काही गुह्य सांगण्याच्या मिषाने तो तोंड तिच्या कानाशी नेऊन दातांनी तिचा कान तोडतो. ज्या वयात जोडाक्षर वाचताना जीभ अडखळते त्या वयाच्या वाचकापुढे फाशी, विश्वासघात आणि रक्तबंबाळ कान यांची ही सामग्री मांडणारा गृहस्थ कोणी निर्दय मनुष्य नव्हता. ज्याला सारा बंगाल दयेचा सागर म्हणे तोच हा पंडित होता.

अशा वाङ्मयाचा बालमनावर काय परिणाम होतो यावर वडीलधारी मंडळी आपसांत पुष्कळ खल करतात, पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या विद्यार्थ्याची जबानी सहसा कोणी घेत नाही, आणि घ्यायची म्हटली तरी सहा-सात वर्षांच्या मुलाला ती नीट देता येत नाही. कलकत्त्याच्या सुदैवाने तेथील एका विद्यार्थ्याने, उशिरा का होईना, ती तपशीलवार लिहून ठेवली आहे. १८६१ साली जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात जन्मलेल्या रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृति' प्रसिद्ध केली १९१२ साली आणि 'छेलेबेला' १९४० साली. म्हणजे पहिली जबानी पन्नाशीतली आणि दुसरी ऐंशीच्या घरातली. स्मृती ही इतिहास लिहीत नाही, ती चित्रे काढते, असे त्यांनी स्वतःच आरंभी बजावले असल्यामुळे या साक्षीचे मोल किती धरावे हे ज्याच्या त्याच्या मुनसफीवर. परंतु भीतीच्या बाबतीत चित्र हाच मला अधिक विश्वासार्ह पुरावा वाटतो, कारण तारखा विसरल्या तरी भ्यालेल्या जागा माणूस विसरत नाही.

एका ढगाळ दिवशी रस्त्याकडच्या लांब व्हरांड्यात खेळत असता वयाने थोडा वडील असलेला त्यांचा भाचा सत्य याने केवळ गंमत म्हणून 'पहारेवाला, पहारेवाला' अशी आरोळी ठोकली. पहारेवाला या प्राण्याविषयी बालरवींद्राची कल्पना अशी होती की सुसरीच्या करवती दातांत सापडलेला जीव जसा पाण्याच्या तळाशी नाहीसा होतो, तसा एकदा त्याच्या तावडीत गेलेला माणूस ठाण्याच्या अथांगात गडप होतो. मूल धूम ठोकून अंतःपुरात आईकडे पळाले. आईला त्या संकटाचे फारसे गांभीर्य वाटले नाही. आणि पुन्हा बाहेर पडणे सुरक्षित नाही असे ठरवून ते आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी कृत्तिवासाचे रामायण उघडून बसले. संगमरवरी नक्षीच्या कागदाने मढवलेली, वेष्टणाचा कोपरा फाटलेली ती मळकट प्रत आईच्या नात्यातील एका चुलतीची होती, जिला मुले आजी म्हणत. वाचता वाचता एका करुण प्रसंगी मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आजींनी ते पाहिले आणि जवळ येऊन पुस्तक जप्त केले.

मला या प्रसंगात गुंतवून ठेवते ती त्यातील भीती आणि दुःख यांची वाटणी. पहारेवाल्याची आरोळी ऐकून मूल पळाले. रामायण वाचून ते पळाले नाही, उलट जिथे बसले होते तिथेच रडत वाचीत राहिले. हातून ग्रंथ काढून घेतला जाईपर्यंत त्याने तो मिटला नव्हता. रस्त्यावरच्या पहारेवाल्यापासून पळण्यासाठी जे मूल वनवास, अपहरण आणि वियोग यांनी भरलेल्या ग्रंथाचा आसरा घेते, त्याला तो ग्रंथ धोक्याचा वाटत नव्हता हे उघड आहे. धोका वाटला तो आजींना, आणि त्याही बिचाऱ्या मुलाच्या डोळ्यांतले पाणी पाहूनच बावरल्या असाव्यात.

तथापि वाचलेल्याचा परिणाम होतच नाही असे म्हणणेही खरे नाही. नोकरांच्या राज्यात वाढणाऱ्या या मुलाचा बंदोबस्त खुलना जिल्ह्यातला श्याम नावाचा गडी मोठ्या युक्तीने करीत असे: त्याला एका जागी बसवायचे, भोवती खडूने रेघ ओढायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे की या रेघेबाहेर पाऊल टाकशील तर भयंकर संकट ओढवेल. संकट आधिभौतिक की आधिदैविक याचा खुलासा श्यामने कधी केला नाही. पण रेघ ओलांडणाऱ्या सीतेचे काय झाले हे रामायणात वाचलेले असल्यामुळे नास्तिकाप्रमाणे ती थट्टेवारी नेणे मुलाला शक्य नव्हते. रेघ खिडकीजवळ असे. खाली बांधीव घाटाचे तळे, पूर्वेच्या कुंपणाशी मोठा वड, दक्षिणेला नारळींची रांग. आणि ज्याला उठण्याची मनाई आहे तो मुलगा झिलमिल्यांतून दिवसभर ते तळे चित्रांच्या पुस्तकासारखे पाहत बसे. या भीतीत ग्रंथाचा वाटा किती आणि श्यामचा किती याचा निवाडा मी श्यामच्या विरुद्ध देईन. कवीने सीतेची गोष्ट मुलाला कोंडण्यासाठी सांगितली नव्हती.

क्रौर्याचा संसर्ग या मुलाला कोठून झाला त्याची कैफियतही 'जीवनस्मृति'तच आहे. त्या काळच्या कलकत्त्यातील शाळेत धडा न आलेल्या विद्यार्थ्याला बाकावर उभे करून, त्याचे दोन्ही हात पसरवून तळहातांवर पाट्यांची चळत रचीत असत. घरी आल्यावर रवींद्रनाथांनी व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात स्वतःचा वर्ग काढला; कठड्याचे लाकडी गज हे विद्यार्थी, आणि हातात छडी घेतलेले गुरुजी आपण. गजांपैकी कोणते सालस आणि कोणते दांडगे हे आधीच ठरलेले असे. दांडग्यांवर छडी पडे आणि मार खाऊन ते जितके विद्रूप होत तितका गुरुजींचा संताप वाढे. शिक्षकांनी जे शिकवले ते शिकायला वेळ लागला, पण त्यांचा पक्षपात, उतावळेपणा आणि चिडखोरपणा मात्र विनासायास अंगी उतरला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. म्हणजे महाकाव्यातल्या राक्षसांनी या मुलाला रडवले आणि शाळेतल्या माणसांनी त्याच्या हाती छडी दिली. याला एक अपवाद मी प्रामाणिकपणे नोंदवतो: पूजेतील बलिदानाच्या कथा ऐकून त्याने आपल्या लाकडी सिंहालाही काठीने झोडपून बळी दिल्याचे, आणि त्यासाठी मंत्र रचल्याचे, 'छेलेबेला'त आहे. पण तो बळी कोणा कवीच्या कल्पनेतला नव्हता. शहरात दरवर्षी खरोखरचे बोकड कापले जात होते.

ठाकूरवाड्यातली मुले संध्याकाळी एरंडेलाच्या मिणमिणत्या दिव्याभोवती जमत आणि पूर्वाश्रमी खेड्यात पंतोजी असलेला एक नोकर त्यांना रामायण-महाभारत वाचून दाखवी. वर तुळयांवर पाली किडे टिपीत आणि खाली श्रोते, लव आणि कुश ही दोन पोरे आपल्या बापाचे आणि काकांचे कसे पाणी पाहतात ते आ वासून ऐकत. बाहेर पश्चिमेच्या कोपऱ्यावर बदामाचे दाट झाड होते आणि त्यावर एक ब्रह्मराक्षस एक पाय फांदीवर व दुसरा तिसऱ्या मजल्याच्या कंगणीवर ठेवून उभा असतो ही घरातील सर्वमान्य वहिवाट होती. निजायला जाताना अंधाऱ्या बोळातून पाठीवर शहारे घेत मूल चाले खरे, पण दुसऱ्या संध्याकाळी दिव्याजवळची जागा सोडीत नसे.

मोठ्या माणसांनी मात्र जगभर या वाङ्मयाच्या दुरुस्त्या केल्या. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा पहिला भाग काढला, तेव्हा त्यात खाटीक-खाटीक खेळता खेळता एकमेकांचा गळा कापणाऱ्या मुलांच्या कथा होत्या. १८१९ च्या आवृत्तीत त्या गळाल्या, आणि पुढे पुढे पोटच्या पोरांचा जीव घेऊ पाहणाऱ्या सख्ख्या आयांना सावत्र करण्यात आले. आपल्याकडे इतकी खबरदारी कोणी घेतली नाही. दातही न आलेल्या बाळाला आपण शेणाच्या घरातल्या कावळ्याची गोष्ट सांगतो. पावसात घर वाहून गेलेल्या त्या अभाग्याला चिमणी दाराबाहेर तिष्ठत ठेवते, आणि कित्येक घरांतल्या पाठात तर तापल्या तव्यावर बसवून त्याचे बूड भाजते, आणि बाळ खदखदून हसते. वाघ-कोल्ह्यांना चकवीत भोपळ्यातून गडगडत येणारी आपली म्हातारी उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या 'टुनटुनिर बइ'तही भेटते. त्याच पुस्तकातला राजा एका चिमुकल्या पाखरापायी सात राण्यांची नाके कापवतो आणि शेवटी स्वतःचेही गमावतो.

दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी १९०७ साली, स्वदेशीच्या ऐन भरात, 'ठाकुरमार झुलि' हा आजीबाईंच्या कथांचा संग्रह काढला, तेव्हा त्यांनी ग्रिमांची ही तजवीज मुळीच स्वीकारली नाही. लालकमल-नीलकमलाच्या कथेतली राक्षसी राणी सवतीच्या मुलाला खाते तशी पोटच्या मुलालाही खाते. सात भाऊ चंपाच्या कथेत वडील राण्या धाकटीची नवजात मुले राखेच्या ढिगाऱ्यात पुरतात, ती फुले होऊन उगवतात, आणि सत्य उघड झाल्यावर अपराधी राण्यांना खाली काटे, वर काटे घालून जिवंत गाडले जाते. या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना रवींद्रनाथांनी या काट्यांबद्दल कुरकुर केली नाही. त्यांची तक्रार होती ती आजीचा आवाज बंद पडल्याची आणि तिची पोतडीसुद्धा आता मँचेस्टरहून भरून येऊ लागल्याची. माझ्या मते बालश्रोता त्या काट्यांकडे क्रौर्य म्हणून पाहतच नाही. राखेत पुरलेल्या आठ भावंडांचा दावा त्याच्यापुढे आलेला असतो, आणि फैसला झाल्याखेरीज त्याला झोप येत नाही.

'ठाकुरमार झुलि' निघाली त्याच वर्षी रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र अकराव्या वर्षी मुंगेर येथे पटकीने गेला. त्यापूर्वी १९०२ मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी रेणुका गेली होती. १९११ साली त्यांनी 'डाकघर' लिहिले. कविराजाने, म्हणजे वैद्याने, शास्त्राधारे शरद ऋतूतील ऊन-वारा वर्ज्य ठरवल्यामुळे खिडकीशी बसून राहिलेला अमल हा आजारी मुलगा त्यात रस्त्यावरून जाणाऱ्या दहीवाल्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी, आणि पहारेवाल्याशीही मैत्री करतो. पहारेवाला त्याला विचारतो की मी पकडून नेले तर, तुला भीती नाही वाटत? अमल उत्सुकतेने विचारतो, कोठे न्याल, पुष्कळ दूर का? अंतःपुरात पळालेल्या मुलाला हे उत्तर सुचायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. १९१७ साली जोडासांकोतच विचित्रा सभेच्या दालनात हे नाटक झाले आणि त्यात स्वतः रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ यांनी भूमिका केल्या. शेवटी अमलला झोप लागते. त्या झोपेचे नाव नाटकातले कोणीही घेत नाही.

मुलांनी करावयाचे हे नाटक आहे की मुलांपासून लपवावयाचे, हा प्रश्न वॉर्सा शहरातील ज्यूंच्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक या वैद्याने आपल्या अनाथालयापुरता सोडवला. १८ जुलै १९४२ रोजी तेथील मुलांनी 'डाकघर'चा प्रयोग केला. चारच दिवसांनी त्या वस्तीतील माणसांची हद्दपारी सुरू झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाकना ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे नेण्यात आले. नाटकाने त्यांतील कोणाचा जीव वाचवला नाही, आणि तशी अपेक्षा कोर्चाकनीही केली नव्हती. प्रयोगानंतरच्या रोजनिशीत त्यांनी टाळ्यांचा आणि हस्तांदोलनांचा त्रोटक उल्लेख केला आहे, आणि मग त्यांच्या मनात आलेला एक विचार आहे: कालच्या नटांनी आपापल्या भूमिका आजही तशाच पुढे चालवल्या तर काय होईल, एकाला आपण खरोखर फकीर आहोत असे वाटले, दुसऱ्याला आपण खरेच वैद्य आहोत असे, आणि तिसऱ्याला आपण गावचे मुखिया.