‘१०० पट ताकद’ म्हणजे १०० पट धोका?

फेंटानिल मॉर्फिनच्या १०० पट ताकदीचं, हे तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. त्यावरून ते १०० पट धोकादायकही असणार, असं आपण धरून चालतो. ओपिऑइड औषधांवरचे पेपर वाचायला घेणार असाल, तर आधी हे गृहीतक तपासा.

१०० पट याचा अर्थ एवढाच : १० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या इंजेक्शनने जितकी वेदना कमी होते, तितक्यासाठी साधारण ०.१ मिलिग्रॅम फेंटानिल पुरतं. भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून, रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवून देतात. ऑपरेशन थिएटरमधलं ते नेहमीचं औषध आहे. अमेरिकेतल्या बेकायदा गोळ्यांमध्ये तेच जीव घेतं, कारण तिथे कोणी नीट मोजत नाही आणि एखादा मिलिग्रॅमही फार होतो.

मग तुलना कशाची करायची? ओपिऑइडच्या अतिमात्रेत माणूस दगावतो तो मुख्यतः श्वास थांबल्याने. म्हणजे वेदनाशमन सारखं असताना श्वास किती मंदावतो, हे बघायला हवं. इथे ब्युप्रेनॉर्फिन फार रोचक आहे. मॉर्फिनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते काम करतं, म्हणजे ‘ताकदवान’च. पण नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने निरोगी लोकांवर केलेल्या प्रयोगांत फेंटानिलची मात्रा वाढवत नेली तसा श्वास मंदावत थांबण्यापर्यंत गेला. ब्युप्रेनॉर्फिनचा आलेख मात्र एका पातळीवर सपाट झाला. आता ‘निरोगी लोक’ हे शब्द अधोरेखित करा. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर ही सुरक्षितता गृहीत धरता येत नाही.

ट्रामाडॉलचं उलट. ताकद मॉर्फिनच्या साधारण दहाव्या हिश्शाची, म्हणून ‘हलकं’ समजलं जातं. पण ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिनवरही काम करतं. मात्रा जास्त झाली तर झटके येऊ शकतात, आणि नॅलोक्सोन हा उतारा ते थांबवेलच असं नाही. भारतात २०१८मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आलं ते काही उगाच नाही.

आणि मेथाडोन. वेदना कमी राहते ४ ते ८ तास, पण औषध रक्तातून निम्मं व्हायला माणसागणिक ८ ते ५९ तास लागतात. दुखू लागलं की पुढचा डोस, आधीचं औषध अंगातच. शिवाय हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वेगळा. एका डोसच्या प्रयोगात औषधाचं हे साठत जाणं दिसणारच नाही. म्हणून तक्त्यात मेथाडोनचा रकाना दिसला, की अभ्यास किती दिवस चालला होता ते आधी शोधा.