लॅपटॉपला घाम येत नाही

लॅपटॉपवर काम करीत असताना त्यातील पंखा एकाएकी घरघरू लागतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. घणसोली गावातील अकरावीच्या एका विद्यार्थिनीने मला याच घरघरीविषयी विचारले. गावठाणात दाटीने उभ्या असलेल्या घरांपैकी एकाच्या वरच्या मजल्यावर ती राहते. डोक्यावर पत्रा आणि महिना मे! चिपचे तापमान दाखविणारा एक प्रोग्रॅम तिने चालविला, तेव्हा आकडा दिसला ८४ अंश सेल्सिअस. दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की यंत्र बिघडले आहे, मुख्य बोर्ड बदलावा लागेल. खर्च ऐकून वडिलांनी, हप्ते अजून फिटायचे असतानाही, लॅपटॉप विकून टाकायचे ठरविले. तिचा प्रश्न मात्र सरळ होता : "सर, ८४ अंशाला लॅपटॉप जळत कसा नाही?"

उत्तरासाठी आधी घरातील इस्त्री पाहू. ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ समजा १५० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट उष्णता. लॅपटॉपची चिप जोमाने काम करताना समजा २० वॅट वीज घेते. ती ना वजन उचलते, ना चाक फिरविते. घेतलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. आणि चिपचा आकार? दीड चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला १३ वॅटहून अधिक उष्णता झाली! इस्त्रीच्या अडीच पटींहून जास्त. तरीही चिप इस्त्रीइतकी तापत नाही, कारण उष्णता तयार होताच ती तेथून हलविली जाते.

हे काम एक चपटी तांब्याची नळी करते. ती भरीव नसते. आतील हवा काढून, थोडेसे पाणी घालून ती बंद केलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी १०० अंशांची वाट पाहत नाही. चाळीस-पन्नास अंशांनाही त्याची वाफ होते (प्रेशर कुकरच्या नेमके उलट). वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, समईच्या वातीत तेल चढावे तसे, चिपकडे परत येते. अमेरिकेतील लॉस अॅलमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखविली. आज ती तुमच्या दप्तरात आहे. तिच्या थंड टोकाला मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा, पण फार पातळ, धातूच्या पट्ट्या असतात आणि पंखा त्यांच्यावरून हवा ढकलतो. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक ज्यूल लागतो. तेव्हा २० वॅट उष्णता वाहून नेताना हवा २० अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला एक ग्रॅम, म्हणजे लिटरहून थोडी कमी हवा पुरते.

आता मुख्य मुद्दा. विजेसाठी जसा ओमचा नियम, तसा येथेही एक सोपा हिशेब आहे. चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरक म्हणजे वॅट गुणिले 'औष्णिक रोध'. हा रोध दर वॅटला अडीच अंश धरला, तर २० वॅटला फरक होतो ५० अंशांचा. पत्र्याखालच्या खोलीत ३४ अंश असतील, तर चिप ८४ अंशांवर! आमच्या विद्यार्थिनीला दिसला तोच आकडा. हेच यंत्र ५ वॅटवर निवांत असताना ४६-४७ अंश दाखवील. बहुतेक लॅपटॉप-चिपची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. भरपूर काम चालू असताना ८४ म्हणजे आजार नव्हे.

घणसोलीच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. हवा दमट. पंख्याखाली बसूनही जीव घामाघूम होतो, कारण पंखा आपल्याला थंड करतो तो मुख्यतः घाम वाळवून, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. लॅपटॉपला घामच येत नाही! त्याच्या दृष्टीने हवा दमट की कोरडी याला फारसे महत्त्व नाही. ती किती तापलेली आहे, एवढेच तो पाहतो. नागपूरला मे महिन्यात ४४ अंशांच्या कोरड्या हवेत माणसाचा घाम चटकन वाळेल, पण आपल्या हिशेबाने तेथील चिप ९४ अंशांवर जाईल. घामाने निथळणाऱ्या घणसोलीकराचा लॅपटॉप त्या मानाने सुखी म्हणायचा. दोन्हीकडे पंखा कितीही फिरला, तरी चिप खोलीच्या हवेपेक्षा थंड होणे शक्य नाही.

शेजारच्या ऐरोली आणि महापे येथील डेटा सेंटरांपुढे हाच प्रश्न हजारो संगणकांच्या रूपाने उभा असतो. म्हणून तेथे संगणकात शिरणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांत ठेवावी असा संकेत आहे. घरी ते परवडत नाही, मग पंख्याला वेग वाढवावा लागतो.

वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट वाहते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. त्यात भर स्वराची. ४० पात्यांचा पंखा सेकंदाला ७५ फेरे घेत असेल, तर ४० गुणिले ७५, म्हणजे ३००० हर्ट्झची शीळ निघते, आणि नेमक्या याच पट्ट्यात आपला कान फार तीक्ष्ण असतो.

मग काळजी कधी करावी? कामाबरोबर वाढणारा आणि काम थांबताच ओसरणारा एकसारखा 'सूं' आवाज निर्धोक. खडखड ऐकू आली, तर पंख्याचे बेअरिंग झिजले असावे. काही काम नसताना पंखा गर्जत असेल, तर एक तर एखादा प्रोग्रॅम गुपचूप चालू आहे, नाही तर पट्ट्यांत धूळ बसली आहे किंवा लॅपटॉप गोधडीवर ठेवल्याने हवेची वाट बंद झाली आहे. रोध अडीचचा साडेतीन झाला, तर त्याच ३४ अंशांच्या खोलीत हिशेब १०४ वर जातो. तेव्हाही चिप जळत नाही. ती आपला वेग स्वतःच कमी करते, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा पंखा काम थांबविल्यावर दोन मिनिटांत शांत झाला. बोर्डाला काहीच झालेले नव्हते, आणि विक्रीचा बेत तेथेच राहिला.

उष्णतेचा खरा त्रास होतो बॅटरीला. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते आणि पत्र्याखाली ती दुपारी सहज ओलांडली जाते. जड कामे सकाळी करणे बरे.

प्रयोगशाळेतील तापमापी मिळाली, तर एक प्रयोग करा. आधी खोलीचे तापमान नोंदवा. मग तापमापी लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीसमोर धरा (आत खुपसू नका) आणि एखादे जड काम चालू करून दर मिनिटाला आकडा वहीत लिहा. पंखा जोरात फिरू लागल्याचे मिनिट खुणेने दाखवा. पुढे मागच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवून सारे पुन्हा करा. कधी कधी असे आढळेल की पंख्याचा आवाज वाढताच बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा थंड झाली, जरी काम तेवढेच आहे. असे का व्हावे, हे वरच्या एक ग्रॅम हवेच्या हिशेबावरून काढून पाहा.