मोजल्याशिवाय किरण नाही

किरणांचा एक ग्रे, म्हणजे एक एकक डोस पाण्यात मुरला, तर पाण्याचं तापमान एका अंशाच्या चार हजाराव्या हिश्श्याइतकं वाढतं. हाताला ते कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाला असे ६६ ते ७० ग्रे, साधारण दोन-दोन करून, साडेसहा-सात आठवड्यांत दिले जातात. आणि तिथून बोटभर अंतरावरच्या मज्जारज्जूला जाणारा डोस ४५ ग्रेच्या आतबाहेर थांबवावा लागतो. डॉक्टर डोस ठरवतात, तंत्रज्ञ रुग्णाला टेबलावर नीट झोपवून मशीन चालवतात. पण मशीनमधून ठरल्याइतकाच किरण निघतोय, ही हमी मेडिकल फिजिसिस्टनं द्यायची असते. लाइट (किरणोपचार) घ्यायला आलेल्या रुग्णाशी त्याची बहुधा गाठही पडत नाही.

हा पेशा मशीनबरोबर वाढला. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६०चे पहिले उपचार झाले, १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकवर (रेषीय त्वरकावर) पहिला रुग्ण घेतला गेला. आपल्याकडे या विद्येचं माहेर मुंबईच. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१चं, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम १९६२चा. भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट मशीनही ट्रॉम्ब्याच्या याच केंद्रात घडलं आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात पहिल्यांदा बसवलं गेलं. कोबाल्ट दर महिन्याला सुमारे एक टक्क्यानं क्षीण होतो. तेवढी उपचाराची वेळ वाढवत न्यावी लागते. लिनॅकला हा क्षय नाही, पण तो विजेवर चालणारा, शेकडो सुट्या भागांचा. कालचा आकडा आज गृहीत धरता येत नाही.

म्हणून पहिला रुग्ण आत येण्याआधी रोज सकाळी मशीन तपासायचं. लेझर जागेवर आहेत का, दार उघडताच बीम बंद होतो का, डोस ठरल्या मर्यादेत आहे का. मुख्य मोजणी मात्र पाण्याच्या टाकीत होते. टाकीत ठरलेल्या खोलीवर आयन चेंबर उतरवायचा. त्याच्या जेमतेम अर्ध्या घनसेंटिमीटरच्या पोकळीतल्या हवेत किरण जो विद्युतभार निर्माण करतो, तो मोजून डोस काढायचा. आता ही पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. आमचं पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर. हवा विरळ, त्यामुळे तेवढ्याच डोसला इथलं वाचन मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी येतं. दाब आणि तापमान मोजून हा फरक भरून काढावा लागतो. दाब हवामानाच्या बातमीतून उचलला तर घात होतो, कारण तो समुद्रसपाटीला रूपांतरित करून दिलेला असतो. मशीन कमी देतंय असं वाटून डोस वाढवला जाईल, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रुग्णाला सहा-सात टक्के जास्त जाईल. कुठलाही अलार्म वाजणार नाही. ज्युनिअर मुलांना मी ही मोजणी स्वतःच्या हातानं करायला लावतो, ती याचसाठी.

जगातले मोठे अपघात असेच शांतपणे झालेत. १९८५ ते ८७मध्ये अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ मशीननं सहा रुग्णांना प्रचंड डोस दिला. जुन्या मॉडेलमधले यांत्रिक अटकाव काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. फ्रान्समधल्या एपिनालला २००४-०५मध्ये वेजची (किरणाला उतार देणाऱ्या पाचरीची) निवड चुकून प्रोस्टेटच्या रुग्णांना जादा डोस गेला. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाती फ्रेंचमधली माहितीपुस्तिकाच नव्हती. म्हणून माझं ठाम मत आहे, की विभागातल्या सूचना तंत्रज्ञ ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात त्या भाषेत भिंतीवर लावलेल्या असाव्यात. सोलापूर-नांदेडकडच्या विभागात ती मराठी असेल, तर मराठीत.

सीनिअर फिजिसिस्टचं सगळ्यात अवघड काम आकडेमोडीचं नाही, मशीन थांबवण्याचं आहे. बाहेर बाकांवर रुग्ण, कुणी पहाटेच्या एसटीनं आलेलं, प्रशासनाचा फोन वाजतोय, आणि आकडा मर्यादेच्या जरासा बाहेर. थांबवणंही फुकट नसतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्यानं घटते. तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे याच रुग्णांची रांग मोठी. म्हणून थांबवायचं ते पुन्हा मोजून, दुसऱ्या चेंबरनं पडताळून, सहकाऱ्याला स्वतंत्रपणे मोजायला लावून. खंड पडलाच तर पुढे एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोन वेळा डोस देऊन तो भरून काढता येतो. चुकीचा गेलेला डोस शरीरातून परत काढता येत नाही. ज्या विभागात ज्युनिअर मुलगी न घाबरता ‘आज बीम नको’ म्हणू शकते, तो विभाग मी सुरक्षित मानतो.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे फिजिसिस्ट आणि विकिरण सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय असा विभाग चालवता येत नाही. नियमानं माणूस मिळतो, वेळ मिळत नाही. रुग्णसंख्या वाढली की पहिली कात्री तपासणीच्या तासांना लागते. रुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी कळकळीची विनंती आहे: नवं मशीन घेताना त्याच्या वेळापत्रकात तपासणीचे तास आधी लिहा, रुग्णांच्या वेळा नंतर. आणि एम.एस्सी. फिजिक्स करणाऱ्या मुलामुलींनो, पदविका, वर्षभराची इंटर्नशिप आणि सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा हा रस्ता मेहनतीचा आहे, आणि अजून फार थोडे जण त्या वाटेनं येतात. जिल्ह्याजिल्ह्यात लिनॅक येताहेत. तुमची गरज आहे, जरूर या.